आठ टेक, एक ओळ

शब्द नित्य आहे की उच्चारला जाताच नाहीसा होणारा, हा मीमांसक आणि नैयायिक यांच्यातला जुना वाद. मीमांसकांना नित्यत्व हवे होते ते वेदांसाठी. वेद कुणी रचलेले नाहीत असे म्हणायचे, तर त्यांतले वर्णही कुणाच्या कंठात तयार होता कामा नयेत. कंठ त्यांना फक्त प्रकट करतो. नैयायिकांच्या लेखी शब्द हा आकाशाचा गुण. तो उपजतो, पुढच्या शब्दाला जन्म देतो आणि तिसऱ्या क्षणी संपतो. घरात रेकॉर्डिंगसाठी खोली लावू लागले की हा वाद पोथीबाहेर येतो.

ही खोली बहुधा घरातली सर्वांत लहान असते. मधोमध उभे राहून टाळी वाजवली, तर उघड्या भिंतींमधून आवाज चरचरत परततो. कपड्यांनी भरलेले कपाट, उभी केलेली गादी आणि दोन गोधड्या एवढ्याने तो बराचसा आवरतो. हौसेने चिकटवलेला पातळ फोम मात्र फक्त वरचे स्वर दाबतो. खर्जाची घुमी कोपऱ्यांत तशीच राहते, तिला जाड रॉकवूलच लागते. पंखा बंद करायचा, शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या होऊ द्यायच्या, मगच माइक उघडायचा. कंठातून निघालेला आवाज माइकपर्यंत पोचेतो किती वेळा नव्याने जन्मतो, हे अशा खोलीत कानाला कळते. लाटेतून लाट उठावी तसा शब्दातून शब्द, हा नैयायिकांचा वीचीतरंगन्याय. खोलीपुरती बाजी त्यांची.

ऑडिओ इंटरफेसपाशी पारडे फिरते. शब्दाला तीव्र, मंद म्हटले जाते, म्हणून तो सुखदुःखासारखाच अनित्य, असे न्यायमत. मीमांसासूत्रकार जैमिनींचे उत्तर असे की वाढतो तो नाद, शब्द नव्हे. गेनचे बटण नेमके हेच करते: ओळ तीच, नाद कमीजास्त. सर्वांत चढी तान उणे 12 डेसिबलच्या आसपास ठेवलेली बरी. शून्य ओलांडले की लाटेचे माथे कापले जातात. पुढे संगणकात सेकंदाला 48,000 मोजमापे साठतात. फाइलमध्ये आवाज नसतो, आकडे असतात; स्पीकरचा पडदा हलला की आवाज होतो, आणि तो दर वेळी नवा.

मीमांसकांचा सर्वांत मार्मिक पुरावा मोजणीचा आहे. जैमिनींचे भाष्यकार शबरस्वामी म्हणतात, लोक ‘गो’ हा शब्द आठ वेळा उच्चारला असे म्हणतात, आठ ‘गो’ शब्द झाले असे म्हणत नाहीत. गाणाराही एकच ओळ आठदा गायलो म्हणतो. संगणकाच्या पडद्यावर मात्र एकाखाली एक आठ टेक दिसतात. प्रत्येकाची लांबी वेगळी, श्वास वेगळा. नैयायिक म्हणेल, ओळख पटते ती सारखेपणामुळे. पण सारखे कशाशी? पाचव्या टेकमधला पंचम उतरला हे ओळखायला मनात एक पंचम आधीच असावा लागतो, आणि तो कोणत्याच टेकमध्ये नसतो. इथे मीमांसकाचे म्हणणे सहज उडवून लावता येत नाही, जरी त्याने ते वर्णांपुरते मांडले होते आणि नुसता ध्वनी त्यालाही अनित्यच होता.

खरी अडचण जोडकामात आहे. दुसऱ्या टेकमधला मुखडा, सातव्यातली तान आणि पहिल्यातली सम जोडून केलेली ओळ सलग अशी कुणी गायलेलीच नसते. मीमांसकाला त्याचे काही वाटू नये, कारण त्याच्या मते शब्दाला कर्ता लागतच नाही. न्यायदर्शनात मात्र शब्दाचे प्रामाण्य बोलणाऱ्याच्या आप्तपणावर, म्हणजे विश्वासार्हतेवर, उभे असते; म्हणून तिथे ही ओळ कुणाची, हे विचारावेच लागते. मोठ्या स्टुडिओत गाणारा एक, कापणारा दुसरा आणि होकार देणारा तिसरा असतो. घरच्या खोलीत बहुतेकदा तिन्ही कामे एकाच माणसाकडे असतात. जोडलेली ओळ ऐकून हीच माझी, असे तो म्हणत असेल, तर नैयायिकाला तिचा कर्ता शोधायला दूर जावे लागत नाही.