येळ्ळूरगडावरून दक्षिणेकडं

एप्रिलच्या अखेरीस रात्री नवाच्या सुमाराला राजहंसगडाच्या, म्हणजे येळ्ळूरगडाच्याच, दक्षिण उतारावर, बेळगावच्या दिव्यांकडं पाठ करून बसा. समोर खानापूरकडचं रान. लगेच काही शोधू नका. डोळ्यांना काळोख सरावायला वीसेक मिनिटं लागतात. श्वास चालतोय तसा चालू द्या.

आता हात लांब करून मूठ क्षितिजावर टेकवा. दीड मूठ वर, त्रिशंकूच्या उजवीकडं, एक फिकट ठिपका आहे: ईटा कॅरिनी. हवा धुरकट असली तर साधी दुर्बीण लावा. निपाणीकरांनी स्तवनिधीच्या घाटातून पाहिलं तरी उंची जवळपास हीच.

नुसतं बघत राहा.

१६ डिसेंबर १८३७ ला केप ऑफ गुड होपला खगोलशास्त्रज्ञ जॉन हर्षेलना हा तारा मृगातल्या राजन्याहून तेजस्वी झालेला दिसला. पुढं काय होणार, कोण सांगणार? ते रोज त्याला इतर ताऱ्यांशी ताडून पाहत राहिले. जानेवारीच्या आरंभी तो मित्र ताऱ्याच्या बरोबरीला आला, मग उतरू लागला. मार्चमध्ये हर्षेल मायदेशी निघाले. खरा कळस आला मार्च १८४३ मध्ये, व्याधाखालोखाल तेजस्वी! तेव्हा हर्षेल इंग्लंडात, जिथं हा तारा उगवतच नाही. आपल्याकडं उगवतो. पुढच्याच वर्षी सामानगडावर गडकऱ्यांनी बंड केलं. त्यांच्यातल्या कुणी पहाऱ्यावर असताना हा पाहिला असेल का, असं मला राहून राहून वाटतं.

तारा फुटला मात्र नाही. दहा सूर्यांहून जास्त द्रव्य उधळून तो मंदावला.

मनात ‘मग कधी फुटणार?’ आलं, तर येऊ द्या. तज्ज्ञांनाही ते सुटलेलं नाही. २००९ साली एका दूरच्या दीर्घिकेतला असाच तारा भडकला. सुपरनोव्हा म्हणून त्याला एसएन २००९आयपी हे नाव मिळालं, मग तो तोतया ठरला. २०१२ मध्ये तो पुन्हा, कितीतरी जोरानं उजळला. या खेपेला खरंच संपला का, यावर वर्षानुवर्षं वाद चालला. अखेर हबल दुर्बिणीला तिथं मूळ ताऱ्याहूनही मंद काही दिसलं, तेव्हा पारडं झुकलं.

पुन्हा ठिपक्याकडं या. शेजारचा कोणता तारा त्याच्याहून जरा उजळ, कोणता जरा मंद? दोन्ही ठरले की वहीत तारीख, वेळ आणि तेवढंच लिहा. वळवाचे ढग आडवे आले तर ‘ढग’ लिहा, आणि उतरताना पायाखाली नीट बघा. दगड सुटे आहेत.