‘येत नाही’ आणि ‘अजून येत नाही’



श्रीमद्भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुन दोन शंका विचारतो. आमच्या अल्पमतीस त्या शाळेतील शेवटच्या बाकावरच्या मुलाच्याच शंका वाटतात. पहिली अशी की, मन वाऱ्यासारखे चंचल; ते आवरणे मला जमेल कसे? भगवंत त्याची तक्रार खोटी ठरवीत नाहीत. काम कठीण आहे हे मान्य करूनच ते अभ्यासाचा आणि वैराग्याचा उपाय सांगतात. दुसरी शंका अधिक करुण आहे. श्रद्धेने आरंभ केला, पण साधना मध्येच सुटली, तर तो मनुष्य फाटलेल्या ढगासारखा विरून जातो काय? भगवंत सांगतात की तो नाश पावत नाही. पूर्वी साधलेले पदरी घेऊन पुढील जन्मी तेथूनच पुढे चालू लागतो. ‘तुझ्याने होणे नाही’ असे या संवादात कोठेही आलेले नाही. आपल्या घरांत मात्र हे वाक्य फार स्वस्त झाले आहे.

आमचीच गोष्ट सांगतो. मुंज झाल्यावर तीर्थरूपांनी आम्हांस रुद्राची संथा देण्यास आरंभ केला. शुक्ल यजुर्वेदाचा सोळावा अध्याय, मंत्र ६६. त्यांनी एकदा म्हणावे, आम्ही दोनदा म्हणावे. स्वर चुकला की ते आमचा हात धरून योग्य जागी नेत आणि तोच मंत्र पुन्हा म्हणवीत. चुकलो म्हणून पाठ बंद झाला नाही, आणि साधले म्हणून ‘फार हुशार हो’ असेही कधी कानी पडले नाही. “काल इथे अडला होतास, आज पुढे गेलास,” एवढेच ते म्हणत. दीड वर्षाने अध्याय मुखोद्गत झाला. त्याच सुमारास शाळेत आम्ही अपूर्णांकांपाशी अडलो, तेव्हा भटाच्या पोराच्या डोक्यात गणित शिरायचे नाही, असा निकाल आम्हांस ऐकविण्यात आला. आम्ही तो खरा मानला, ही त्याहून मोठी चूक. शालान्त परीक्षा कशीबशी उतरलो आणि पुढचे शिक्षण सोडले. ६६ मंत्र सस्वर धरणाऱ्या डोक्यास पाव अधिक अर्धा का धरवू नये, हा प्रश्न त्या वेळी कोणासच पडला नाही, आम्हांसही नाही.

अमेरिकेतील क्लॉडिया म्यूलर व कॅरल ड्वेक या विदुषींनी याच विषयावर पाचवीच्या मुलांवर केलेले प्रयोग १९९८ साली प्रसिद्ध केले. कोडी सुटल्यावर काही मुलांची बुद्धी वाखाणली, काहींची मेहनत. मग फार अवघड कोडी देऊन सर्वांनाच अपयश चाखविले. पुन्हा पहिल्यासारखी कोडी दिली, तेव्हा ‘हुशार’ म्हटलेल्यांचे गुण घसरले आणि मेहनतीचे कौतुक झालेल्यांचे वाढले. शिवाय आपले गुण इतरांस कळविताना ‘हुशार’ मंडळींपैकी पुष्कळांनी ते फुगवून सांगितले! म्हणजे निंदेप्रमाणे स्तुतीही मुलास बांधून ठेवते. मात्र नुसते ‘प्रयत्न कर’ म्हणून भागत नाही, शिकण्याची रीतही बदलावी लागते, असे ड्वेकबाईंनी पुढे स्वतःच बजावले आहे.

रीत बदलण्याचा एक दाखला मांडूहून जेमतेम पस्तीस किलोमीटरवर आहे. धारच्या भोजशाळा परिसरात, तसेच उज्जैनास महाकालाच्या मंदिरात आणि निमाडात ऊन येथे, परमारकालीन सर्पबंध कोरलेले आहेत. नागाच्या वेटोळ्यांत वर्णमाला आणि व्याकरणाचे प्रत्यय क्रमाने बसविले आहेत. धार संस्थानचे शिक्षणाधिकारी काशिनाथ कृष्ण लेले यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी तेथील शिलालेखांकडे विद्वानांचे लक्ष वेधले. कानाने जे धरवत नाही ते डोळ्याने धरवावे, अशी कोणा गुरूची कळकळ आम्हांस त्या वेटोळ्यांत दिसते. विद्वान त्याचे दुसरे प्रयोजन सांगोत.

मांडूच्या आसपासच्या फलियांतून येणारी भिल्ल मुले घरी भिली बोलतात आणि वर्गात एकदम हिंदी पुस्तक उघडतात. ती गप्प बसली की ‘मठ्ठ’ ठरतात. आपली मराठी बोलणारी मुलेही याच वाटेने गेली आहेत, तरी त्यांच्याविषयी तो शब्द आपल्याच तोंडून निघतो, याचे आम्हांस वाईट वाटते. सभासद बंधुभगिनींस एक प्रार्थना आहे. निकालाच्या दिवशी मूल दारात येताच गुण विचारू नयेत. कोठे अडलास आणि मग काय केलेस, हे विचारावे. देवळात पेढे ठेवावयाचे तर ज्याचे गुण कालपेक्षा चार वाढले त्याचेही ठेवावेत.

असो. सायंआरतीनंतर सभामंडपात आम्ही चार मुलांस घेऊन बसतो. पाचवीतील एका मुलीने मागील महिन्यात वही मिटली आणि म्हणाली, “मला अपूर्णांक येत नाहीत.” आम्ही म्हटले, “अजून येत नाहीत, असं म्हण.” तिने क्षणभर आमच्याकडे पाहिले. “दादा, तुम्हांला येतात का?”

आम्हांस खोटे बोलवेना. “अजून नाही,” असे म्हटले. तेव्हापासून आम्ही दोघे एकाच पुस्तकातून शिकत आहोत. नैवेद्याच्या पोळीचे आठ तुकडे करून पाव आणि अर्धा यांची बेरीज जमली. छेद निराळे आले की आमची गाडी अजून अडते. ती मात्र गेल्या गुरुवारी पुढच्या पानावर गेली.