शिफारसपत्र

बोरगावातील आमच्या मंडळीचा एक तरुण एके संध्याकाळी आमच्याकडे आला. आपत्तीत मदतकार्य करणाऱ्या एका संस्थेत जागा निघाली होती. अर्ज गेला, लेखी परीक्षाही झाली, आणि आता नागपुरास मुलाखतीचे बोलावणे होते. त्याला शिफारसपत्र हवे होते. "काका, पूरग्रस्तांत दोन वर्षे काम केले, एवढे लिहा ना," तो म्हणाला. वास्तविक त्याने एका पावसाळ्यात दोन दिवस धान्याची पाकिटे भरली होती. परंतु घरी म्हातारी आई, कारखान्यातील कंत्राटी काम सुटलेले, आणि संत्र्याच्या चार झाडांवर घर चालत नाही. आमचे मन द्रवले. आम्ही लेखणी हाती घेतली.

वाचकहो, खरा प्रश्न येथेच उभा राहतो. गरजू मुलासाठी थोडे वाढवून लिहिणे ही प्रीती की लबाडी? यात नुकसान ते कोणाचे, असे सहज वाटते.

परंतु मुलाखतीच्या खोलीत परीक्षक व उमेदवार यांखेरीज आणखी एक मनुष्य असतो. त्याला खुर्ची नसते. पुरात घर वाहून गेलेली बाई, छावणीतील पोरके मूल, असा तो मनुष्य. ज्याच्या हाती धान्याची यादी, त्याच्या हाती तिची अब्रूही असते. इतके प्रश्न विचारतात ते तिच्यासाठी.

२०१० च्या भूकंपानंतर हैतीत काम करणाऱ्या ऑक्सफॅमच्या काही कर्मचाऱ्यांचे लैंगिक गैरवर्तन २०१८ साली जगापुढे आले. त्यांतील एक अधिकारी पुढे दुसऱ्या संस्थेतर्फे बांगलादेशात कामास लागला होता. आपल्याला त्याच्याविषयी चांगलेच अभिप्राय मिळाले होते, असे त्या संस्थेने सांगितले. २०१९ पासून अनेक संस्था पूर्वीच्या मालकाकडून अशा गैरवर्तनाची माहिती रीतसर मागवितात. आमच्या तरुणाचा दोष तसा नव्हे. तथापि गोड अभिप्रायावर विसंबून दुर्बलांच्या दाराची किल्ली दिली जाते, हे त्यावरून कळते.

यरुशलेमच्या पहिल्या मंडळीतही असा प्रसंग आला. रोजच्या वाटणीत ग्रीक भाषा बोलणाऱ्या विधवांची हयगय होते, अशी कुरकुर झाली. कामाची निकड कोणाला आहे, हे प्रेषितांनी पाहिले नाही. ज्यांचे नाव लोकांत चांगले आहे असे सात जण मंडळीनेच निवडावे, असे त्यांनी सांगितले. निवडलेल्या सातांचीही नावे ग्रीक आहेत. साक्ष मंडळीने दिली, आणि ती विधवांसाठी दिली.

आम्ही लिहिलेला कागद फाडला. दुसऱ्यावर लिहिले की, याने दोन दिवस पाकिटे भरली. चार वर्षे शब्बाथ शाळेच्या वर्गणीचा हिशेब ठेवला. एकदा स्वतःची चूक सापडली तेव्हा आपण होऊन सांगावयास आला. मराठी व हिंदी दोन्ही चांगले बोलतो. पत्र वाचून त्याचा चेहरा उतरला.

ती जागा त्याला मिळाली नाही. अनुभव कमी पडला. त्याची आई कित्येक आठवडे आमच्याशी बोलली नाही. खरे लिहिले म्हणजे नोकरी मिळते, असे आम्ही कोणत्या तोंडाने सांगावे?

परंतु त्यानंतर आम्हांस एक गोष्ट उमगली. खोटे पत्र ही फार स्वस्त प्रीती होती. पाच मिनिटांत ती उरकली असती व आम्ही मोकळे झालो असतो. खरे पत्र लिहिल्यावर मात्र आम्ही त्याचे ऋणी झालो. जो अनुभव त्याच्याजवळ नव्हता तो मिळवून देणे आता आमच्याकडे आले. सध्या तो सौंसरला एका दुकानात हिशेब लिहितो, आणि दर शनिवारी आमच्याबरोबर गावातील एकट्या म्हाताऱ्यांची औषधे आणावयास येतो. पुढच्या वेळी आम्ही जे लिहू ते डोळ्यांनी पाहिलेले असेल.

शिक्षकबंधूंनो व भगिनींनो, आपल्या वर्गातील मुले उद्या असाच कागद घेऊन आपल्या दारी येतील. तेव्हा जे पाहिले तेच लिहा. आणि लिहावयास थोडेच असेल, तर त्या मुलाबरोबर चार पावले चाला.