भाव पाहून फसलेला माणूस

कंपनी खोटे बोलली आणि शेअर घेणारा बुडाला, तर त्याने दाद कोणाकडे मागायची? इंग्लंडच्या हाऊस ऑफ लॉर्ड्सने १८७३ साली ‘पीक विरुद्ध गर्नी’ खटल्यात या प्रश्नाचे फार कोते उत्तर दिले. ओव्हरएंड गर्नी ही लंडनची नामांकित पेढी आतून पोखरलेली असताना १८६५ मध्ये तिने लोकांकडून भांडवल उभे केले आणि १८६६ मध्ये ती कोसळली. माहितीपत्रकाने लोकांची दिशाभूल केली होती. पण ते पहिल्या अर्जदारांसाठी होते आणि दावा लावणाऱ्या पीकने शेअर मागाहून बाजारातून घेतले होते, म्हणून त्याला भरपाई नाही! फसवणूक म्हणजे समोरासमोरच्या दोघांतला व्यवहार, एकाने सांगायचे आणि दुसऱ्याने ऐकायचे, ही समजूत या निकालाच्या मुळाशी आहे. गुरांच्या बाजारात ती खरी ठरते. शेअरबाजारात मात्र आपल्याला शेअर कोणी विकला हेसुद्धा घेणाऱ्याला ठाऊक नसते. त्याला दिसतो तो फक्त भाव.

भाव हेच कंपनीचे बोलणे आहे, हे न्यायालयाच्या तोंडून यायला शंभरावर वर्षे लागली. अमेरिकेत १९३४चा रोखे कायदा झाला, १९४२ मध्ये लबाडीविरुद्धचा नियम १०बी-५ आला. त्याखाली खासगी दावा करता येईल असे त्यात कुठेही लिहिलेले नव्हते. तो हक्क न्यायालयांनी अर्थ लावून दिला. १९६६ मध्ये सामूहिक दाव्यांचे नियम सुधारले आणि एकाने हजारोंच्या वतीने भांडण्याची वाट मोकळी झाली. तरी एक अडसर उरलाच होता. खोटे निवेदन मी वाचले आणि त्यावर विसंबलो, हे प्रत्येकाने वेगळे सिद्ध करायचे म्हटले तर समूह उरतोच कुठे? १९८८च्या ‘बेसिक विरुद्ध लेव्हिन्सन’ निकालाने तो दूर केला. विलीनीकरणाची बोलणी चालू असताना बेसिक कंपनीने ती चालू असल्याचे तीनदा नाकारले. त्या काळात ज्यांनी दबलेल्या भावाला शेअर विकले, त्यांनी दावा लावला. खुल्या बाजारात खोटी माहिती भावात मुरते, म्हणून भावावर विसंबणारा त्या खोट्यावरच विसंबला असे गृहीत धरता येईल, असे न्यायमूर्ती ब्लॅकमन यांनी लिहिले. निवेदन न वाचलेल्या माणसालाही फसवणुकीची दाद मागता आली, ही या निकालाची खरी थोरवी मला वाटते.

आक्षेप कमी नाहीत. अर्थशास्त्राचा सिद्धांत न्यायालयांनी कायद्यात ओढू नये, असे न्यायमूर्ती व्हाइट यांनी तेव्हाच बजावले होते. पण बाजार प्रत्येक वेळी अचूक असावा लागत नाही. खोट्याने भाव हलला एवढे पुरते. तो हलला नाही हे दाखवण्याची संधी २०१४च्या हॅलिबर्टन निकालाने कंपन्यांना दावा समूहाचा म्हणून मान्य होण्याआधीच दिली. वकिलांचेच खिसे भरणारे पोकळ दावे खरोखर होत असत, म्हणून १९९५ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांचा नकाराधिकार डावलून काँग्रेसने कडक कायदा केला. सर्वांत वजनदार आक्षेप वेगळा आहे. भरपाई कंपनी देते, म्हणजे आजचा भागधारक कालच्याची झोळी भरतो. हे मला मान्य आहे. पण त्यातून निघते ते एवढेच, की पैसा संचालकांकडून आणि लेखापरीक्षकांकडून वसूल व्हावा. अमेरिकेतील वर्ल्डकॉम कंपनीच्या हिशेब घोटाळ्यात संचालकांना स्वतःच्या खिशातून रकमा भराव्या लागल्या, म्हणजे हे अशक्य नाही.

भारतात हा प्रश्न सत्यम कंपनीच्या घोटाळ्याने उभा केला. ७ जानेवारी २००९ला तिचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी हिशेब फुगवल्याची कबुली दिली आणि शेअर एका दिवसात तीन चतुर्थांशाहून अधिक कोसळला. अमेरिकेतील गुंतवणूकदारांच्या सामूहिक दाव्यात कंपनीने १२ कोटी ५० लाख आणि लेखापरीक्षक संस्थेने २ कोटी ५५ लाख डॉलर देऊन तडजोड केली. इथल्या भागधारकांसाठी गुंतवणूकदार संघटना ग्राहक आयोगापर्यंत आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली, हाती काही लागले नाही. मग २०१३च्या कंपनी कायद्यात कलम २४५ आले. त्यात संचालकांबरोबर लेखापरीक्षकांकडूनही भरपाई मागता येते.  पण दावा लावायला शंभर भागधारक आधीच गोळा करा, नाहीतर सूचीबद्ध कंपनीचे २ टक्के भांडवल हाती ठेवा. बँका या कलमातून वगळलेल्या. निकालावर ठरणारी फी घेण्यास वकिलांना मनाई असल्याने खर्चही छोट्या माणसानेच उचलायचा. त्याहून मोठी उणीव शब्दांत आहे. कलम बोलते ते कंपनीच्या ‘सदस्यां’बद्दल. बेसिक खटल्यातले दावेदार शेअर विकून मोकळे झालेले लोक होते. त्या जानेवारीच्या दिवशी सत्यमचा शेअर मिळेल त्या भावाला विकून टाकणारा माणूस कलमाचे शब्द पाहता दारातच अडतो, कारण विकताक्षणी तो सदस्य उरलेला नाही.