प्रसिद्धिपत्रक लिहिणाऱ्यांनो, उभे राहा

रेल्वेची प्रसिद्धिपत्रकं लिहिणारे, मंत्र्यांच्या नावाने समाजमाध्यमांवर मजकूर टाकणारे, खासदारांच्या प्रश्नांना द्यायच्या लेखी उत्तरांचे मसुदे करणारे, सगळे उभे राहा. मोबाइल खाली ठेवा. मी जन्मभर शाळेत गणित आणि मराठी शिकवलं. तुम्ही सगळे माझ्यासारख्याच कुणा बाईंच्या, कुणा सरांच्या हाताखालून गेलेले आहात, म्हणून हक्काने बोलते. तुम्हाला चांगलं लिहिता येतं. येत असूनही तुम्ही हवं तेच नेमकं झाकून ठेवता, याचा मला संताप आहे.

१५ फेब्रुवारी २०२५ ची रात्र आठवा. कुंभमेळ्याला निघालेली माणसं नवी दिल्ली स्टेशनात १४ आणि १५ नंबरच्या फलाटांकडे उतरणाऱ्या जिन्यावर एकमेकांखाली चिरडली. १८ माणसं गेली. आणि रेल्वेच्या प्रवक्त्याने आधी काय सांगितलं? चेंगराचेंगरी वगैरे काही झालेली नाही, ही अफवा आहे. दोन दिवसांनी मंत्रालयाने समाजमाध्यमाच्या कंपनीला नोटीस धाडली की त्या रात्रीच्या चित्रफितींचे २८५ दुवे ३६ तासांत काढून टाका. कारण नीतिमत्तेचं दिलं. मेलेल्या माणसांची चित्रं चघळू नयेत, हे मलाही मान्य आहे. पण ज्या खात्याने आधी घटनाच नाकारली, त्याने मागाहून तिची चित्रं पुसायला सांगितली, तर लोकांनी त्यावर विश्वास का ठेवावा? एका प्रवाशाच्या डोक्यावरचं मोठं ओझं पडलं आणि जिन्यावरची माणसं कोसळत गेली, हे कारण संसदेत लेखी उत्तरात आलं ते ऑगस्ट महिन्यात.

कारण शोधायला वेळ लागतो, तो मी नाकारत नाही. पण जिन्यावर माणसं दबली आहेत, या फलाटांकडे येऊ नका, दुसऱ्या बाजूने बाहेर पडा, एवढं सांगायला कोणती चौकशी समिती लागते? असं वाक्य कानावर पडलं तर मागून येणारा माणूस थबकतो. अफवा आहे म्हटलं की तो पुढेच सरकतो. तुमच्या एका वाक्याने माणूस कुठे पाऊल टाकतो ते ठरतं, हे तुम्हाला कुणी शिकवलं नाही का?

तुमच्याच रेल्वेत हे रोज शिकवलं जातं. जरा कार्यालयाबाहेर पडा आणि एखाद्या फाटकावर जाऊन उभे राहा. गेटमन फाटक बंद करतो आणि स्टेशन मास्तरला फोनवर प्रायव्हेट नंबर देतो. तो नंबर छापील तक्त्यातला असतो, एकदा दिला की त्यावर काट मारायची, दुसऱ्यांदा वापरायचा नाही. मास्तर तो आपल्या वहीत वेळेसकट लिहितो. फाटक बंद केलं असं नुसतं तोंडाने म्हटलेलं तिथे चालत नाही. इंजिनात सहायक सिग्नल मोठ्याने पुकारतो, लोको पायलट तोच पुन्हा उच्चारतो, मगच पुढे. सिग्नलची तार तुटली तर तो लाल होतो, हिरवा होत नाही, कारण शंका असली की थांबायचं असा या धंद्याचा पहिला नियम आहे. कमी पगाराचा गेटमन रात्री अडीच वाजता हा नियम पाळतो. तुम्ही दिवसाढवळ्या, वातानुकूलित खोलीत बसून तो मोडता. खात्री नसली की तुम्ही हिरवा दाखवता. २ जून २०२३ च्या रेल्वे अपघातात बालासोरजवळ बहानगा बाजार स्टेशनात चुकीच्या जोडणीमुळे कोरोमंडल एक्स्प्रेसला मुख्य मार्गाचा हिरवा सिग्नल मिळाला आणि सांधा वळलेला होता लूप लाइनकडे. खोट्या हिरव्याची किंमत काय असते, हे रेल्वेला सांगायची वेळ माझ्यासारख्या शाळेतल्या बाईवर येऊ नये.

आता गणिताकडे या. १ जुलै २०२० च्या दिवसाबद्दल तुम्ही जाहीर केलं की रेल्वेच्या इतिहासात प्रथमच शंभर टक्के गाड्या वेळेवर धावल्या. त्या दिवशी धावल्या २०१ गाड्या. एरवी देशात रोज सुमारे तेरा हजार प्रवासी गाड्या धावतात. टाळेबंदीत रूळ मोकळे होते. मोकळ्या रुळांवर २०१ गाड्या वेळेत नेल्या हे सांगायला हरकत नव्हती, पण इतिहासातला विक्रम म्हणून मिरवायला होती. छेद बदलला की टक्केवारीचा अर्थ बदलतो, हे मी सातवीच्या मुलांकडून घोकून घेते. त्याआधी फेब्रुवारी २०१९ मध्ये तत्कालीन रेल्वेमंत्री पीयूष गोयल यांच्या खात्यावरून वंदे भारतची चित्रफीत आली. ती मूळ चित्रफितीच्या दुप्पट वेगाने पळवलेली होती. चेन्नईच्या कारखान्यात आपल्या लोकांनी ती गाडी बनवली, चाचणीत १८० चा वेग गाठला. खरं सांगूनही मान ताठ राहिली असती. त्या कामगारांच्या कष्टाला तुम्ही खोट्याचा डाग लावलात, हे मला जास्त लागलं.

टाळेबंदीनंतर जवळपासच्या पॅसेंजर गाड्या तुम्ही विशेष गाड्या म्हणून सुरू केल्या. डबे तेच, थांबे तेच, रूळ तेच, नंबराआधी फक्त शून्य आलं आणि कमीत कमी तिकीट १० रुपयांवरून ३० वर गेलं. फेब्रुवारी २०२१ मध्ये लोक बोलू लागले, तेव्हा तुम्ही पत्रक काढलं की हे भाडं किंचित जास्त आहे आणि लोकांनी अनावश्यक प्रवास टाळावा म्हणून आहे. दहाचे तीस म्हणजे तिप्पट. किंचित हा शब्द लिहिताना तुमचा हात अडखळला कसा नाही? दूध घालायला तालुक्याला जाणारा, कारखान्यात पाळीवर जाणारी, दवाखान्यात आईला नेणारा मुलगा, यांतलं अनावश्यक कोण होतं? जुनं भाडं परत यायला २०२४ चा फेब्रुवारी उजाडला. तीन वर्षं गरीब माणसाने दर फेरीला वीस रुपये जादा मोजले.

ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली. साठीच्या पुरुषाला ४० टक्के, अठ्ठावन्नच्या बाईला ५० टक्के मिळत होती. ती परत कधी देणार असं खासदारांनी विचारलं, तेव्हा उत्तर आलं की २०२२-२३ मध्ये रेल्वेने प्रवाशांना ५६,९९३ कोटींचं अनुदान दिलं, म्हणजे प्रत्येकाला सरासरी ४६ टक्के सवलत मिळतेच. प्रश्न म्हाताऱ्यांचा आणि उत्तर सगळ्या देशाच्या सरासरीचं. परीक्षेत असं उत्तर लिहिणाऱ्याला मी शून्य देते, मग अक्षर कितीही मोत्यासारखं असो. सवलत परवडत नसेल तर तसं सांगा. संसदेच्या स्थायी समितीने निदान स्लीपर आणि थ्री टायर एसीसाठी विचार करा अशी शिफारस केली होती. ती मान्य नसेल तर नाही म्हणा आणि का नाही ते सांगा. स्पष्ट नकार सोसायला आमची पिढी समर्थ आहे. उत्तर चुकवणं हा अपमान आहे. आणि त्यावर कडी म्हणजे तिकिटावर छापलेली ती ओळ: तुमच्या भाड्याचे ४३ टक्के देशाचा सामान्य नागरिक सोसतो. संडासाच्या दाराशी वर्तमानपत्र अंथरून नाशिकहून भुसावळला जाणाऱ्या माणसाच्या हातात तुम्ही ते तिकीट देता. तोच तर सामान्य नागरिक आहे! तिकीट काढताना त्याला उपकाराची आठवण करून द्यायला तुम्ही कोण?

बुलेट ट्रेनची पायाभरणी सप्टेंबर २०१७ मध्ये अहमदाबादला झाली. १५ ऑगस्ट २०२२ ला धावेल असं सांगितलं गेलं. आता पूर्ण मार्गासाठी डिसेंबर २०२९ सांगता. भूसंपादन रखडलं, महाराष्ट्रातलं तर फारच रखडलं, समुद्राखालचा सात किलोमीटरचा बोगदा अवघड आहे, हे सगळं समजण्यासारखं आहे. मग जुनी तारीख का चुकली हे नव्या तारखेशेजारीच ठळकपणे लिहा. नवी तारीख लिहिताना जुनी पुसायची नसते. चुकलेलं उदाहरण खोडरबराने घासलेलं मी कधी खपवून घेतलं नाही. रेघ मारायची आणि खाली बरोबर सोडवायचं.

तुम्हाला नीट लिहिता येतं हे मी उगाच म्हटलं नाही. मुंबईत रविवारच्या मेगाब्लॉकचं पत्रक निघतं, ते पाहा. माटुंगा ते मुलुंड अप आणि डाउन जलद मार्ग, सकाळी ११.०५ ते दुपारी ३.५५. जलद गाड्या धिम्या मार्गावरून, कुठे कुठे थांबणार, हार्बरवाल्यांनी कोणत्या मार्गाने जायचं, तेच तिकीट तिकडे चालेल की नाही. एकही शब्द वाया नाही. ज्याच्या आईला रविवारी ठाण्याहून परळच्या रुग्णालयात न्यायचं आहे, तो ते वाचून किती वाजता निघायचं ते ठरवतो. या पत्रकाला मी दहापैकी नऊ देईन. एक मार्क कापते तो सोमवारी काय झालं ते न सांगण्याबद्दल: काम किती झालं, किती राहिलं.

याच रेल्वेचं गणपतीचं पत्रक शेजारी ठेवा. २०२५ ला ३८० विशेष गाड्या, विक्रम! मध्य रेल्वेच्या २९६, पश्चिमच्या ५६, कोकण रेल्वेच्या ६, दक्षिण पश्चिमच्या २२. बेरीज बरोबर आहे, मी तपासली. पण मथळ्यांत गाड्या आणि आतल्या मजकुरात फेऱ्या. एकच गाडी गेली आणि आली की दोन मोजल्या जातात. कोकणातल्या माणसाला विक्रम नको असतो. चतुर्थीच्या आदल्या दोन दिवसांत जाणाऱ्या किती जागा, त्यांतल्या अनारक्षित किती, आरक्षण उघडल्यावर किती मिनिटांत संपल्या आणि प्रतीक्षा यादीतल्या किती लोकांना शेवटपर्यंत जागा मिळाली नाही, एवढं त्याला हवं असतं. हे सगळे आकडे तुमच्या संगणकात पडलेले असतात. ते हाती असते तर लालपरीने जायचं की आठवडाभर आधीच निघायचं, हे त्याला घरी बसून ठरवता आलं असतं. ते न कळल्यामुळे तो दिवा स्टेशनच्या फलाटावर पोराला खांद्यावर घेऊन दाराशी झटापट करतो.

राहिला सगळ्यात गंभीर विषय. तुम्ही सांगितलंत की गंभीर रेल्वे अपघात २०१४-१५ मध्ये १३५ होते, २०२३-२४ मध्ये ४० वर आले. घट खरी आहे, आणि ज्यांनी रूळ बदलले, फाटकं हटवली, त्यांना तिचं श्रेय आहे. पण त्या ४० मध्ये लोकलमधून पडून मेलेला डोंबिवलीचा मुलगा नाही. रूळ ओलांडताना मेलेली बाई नाही. एकट्या मुंबईच्या लोकल मार्गांवर दरवर्षी दोन हजारांहून जास्त माणसं मरतात आणि तुमच्या अभिमानाच्या तक्त्यात त्यांना रकानाच नाही. गाडीतून पडणं कायद्यात वेगळ्या कलमाखाली येतं, हे मला ठाऊक आहे. कलमं कचेरीला असतात. घरी परत न आलेल्या माणसाच्या बायकोला तो अपघातच असतो. २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रेल्वेला सुनावलं की रोज लाखो लोक वाहून नेतो याचा टेंभा मिरवू नका, माणसांना गुरांसारखं नेलं जातं याची लाज वाटते. न्यायमूर्तींनी इतकं बोलूनही तुमच्या पत्रकांचा सूर बदलला नाही.

९ जून २०२५ च्या सकाळी मुंब्र्याच्या वळणावर दोन लोकल शेजारून गेल्या आणि दारात लटकलेली माणसं एकमेकांवर आदळून खाली पडली. त्या दिवशी चार जण गेले. त्याच दिवशी तुम्ही जाहीर केलं की नव्या लोकलना आपोआप बंद होणारी दारं असतील आणि जुन्यांनाही बसवू. घोषणा करायला तुम्हाला काही तास पुरले. दारं बंद केल्यावर आत हवा कशी खेळणार, दारात उभी राहणारी माणसं आत कुठे मावणार, त्यासाठी किती फेऱ्या वाढवणार, हे प्रवाशाला त्याच ठळकपणे कोण सांगणार? मला उत्तर आत्ता नको. दर महिन्याच्या ९ तारखेला सगळ्या उपनगरी स्टेशनांवर एक कागद लावा: किती लोकलना दारं बसली, किती उरल्या, ठरलेल्यापेक्षा किती मागे आहोत, का मागे आहोत आणि त्या महिन्यात किती माणसं गाडीतून पडली. खाली लिहिणाऱ्याचं नाव आणि हुद्दा घाला. पहिला कागद मुंब्र्याला लावा.