झाडावरचा सौदा आणि यंत्रातले नाणे

नरखेड, काटोल आणि वर्धा नदीपलीकडच्या वरूड-मोर्शी पट्ट्यात संत्र्याचा बगीचा बऱ्याचदा झाडावरच विकला जातो. आंबिया बहाराची फळे लिंबाएवढी झाली की व्यापारी बगीच्यात फिरतो, झाडे नजरेने जोखतो, उक्ता भाव बोलतो आणि इसार देऊन जातो. उरलेली रक्कम तोडणीच्या वेळी. मधल्या महिन्यांत फळगळ होते, गारपीट होते, नाहीतर बाजार पडतो. मग व्यापारी भाव पाडून मागतो, किंवा इसारावर पाणी सोडून पुन्हा फिरकतच नाही. बांगलादेशने आयात शुल्क वाढवत नेले तेव्हा इथल्या अनेक बागायतदारांनी हेच भोगले. इस्लामी धर्मशास्त्राने, म्हणजे फिकहने, नेमक्या या सौद्याचा विचार मदिनेच्या खजुरांवरून फार पूर्वी केला आहे. फळ रंगावर येऊन त्याची खात्री पटण्याआधी ते विकू नये, असे पैगंबरांनी सांगितल्याची परंपरा आहे. कारणही सोबत दिलेले आहे: फळ आलेच नाही, तर आपल्याच भावाचे पैसे कोणत्या हक्काने ठेवून घ्यायचे? या धोकादायक अनिश्चिततेला फिकह 'गरर' म्हणते. शेतकऱ्याची आगाऊ पैशांची नड मात्र या शास्त्राने नाकारलेली नाही. माल, प्रत, वजन आणि तारीख पक्की करून पूर्ण किंमत आधीच चुकती करण्याचा 'सलम' हा करार त्याने मान्य केला. अट एवढीच की तो एखाद्या ठरावीक झाडाच्या फळावर टांगलेला नसावा.

बिटकॉइनसारख्या आभासी चलनाबद्दल गेल्या काही वर्षांत उलेमांनी जे निर्णय दिले, त्यांतही हाच 'गरर' मध्यभागी आहे. तुर्कस्तानच्या दियानेत या सरकारी धर्मसंस्थेने नोव्हेंबर 2017 मध्ये आणि इजिप्तचे ग्रँड मुफ्ती शौकी अल्लाम यांनी जानेवारी 2018 मध्ये हा व्यवहार अमान्य ठरवला. इंडोनेशियाच्या उलेमा परिषदेने नोव्हेंबर 2021 मध्ये चलन म्हणून तो हराम सांगितला. वस्तू म्हणून व्यापाराला मात्र अटींसह थोडी वाट ठेवली. मलेशियाच्या सिक्युरिटीज कमिशनच्या शरिया सल्लागार मंडळाने 2020 मध्येच नोंदणीकृत बाजारात त्याच्या खरेदी-विक्रीला मान्यता दिली होती. हे मतभेद प्रामाणिक आहेत. पण या चर्चेचा बहुतेक भर घेणाऱ्यावर आणि विकणाऱ्यावर आहे: किंमत किती हेलकावते, फसवणूक किती होते, हा जुगार आहे की व्यापार. सौद्यात नसलेला तिसरा माणूस तिच्यात फारसा दिसत नाही. मला वाटते, या नाण्याचा धार्मिक निवाडा त्याच्यापासूनच सुरू व्हायला हवा.

बिटकॉइनचे 'मायनिंग' प्रत्यक्षात कसे चालते, ते बघावे लागेल. जगभरची यंत्रे एका विशिष्ट आकड्याचा अंदाज बांधत राहतात. साधारण दर 10 मिनिटांनी एकाला तो सापडतो आणि एप्रिल 2024 पासून त्याला 3.125 नवी नाणी मिळतात. बाकी सगळ्यांचे तेवढ्या वेळातले काम वाया जाते. असा आकडा दर 2016 वेळा सापडल्यावर या कोड्याची काठिण्यपातळी आपोआप बदलते, त्यामुळे यंत्रे दुप्पट झाली तरी नाणी तेवढीच निघतात. जास्त वीज जाळून जगाला एकही नाणे जास्त मिळत नाही. फक्त माझा वाटा तुझ्यापेक्षा मोठा होतो. सगळी यंत्रे मिळून वर्षाला 100 अब्ज युनिटहून अधिक वीज खातात, असा केंब्रिज विद्यापीठाचा अंदाज आहे. आता पाणी, चारा आणि अग्नी या तिन्हींत सगळी माणसे भागीदार आहेत, ही पैगंबरांच्या नावाने सांगितली जाणारी शिकवण यासमोर ठेवावी. आजचा अग्नी म्हणजे वीज, आणि औष्णिक केंद्राची वीज म्हणजे पाणीही. भागीदारीतली वस्तू एकट्याच्या चढाओढीत फुंकून टाकायला भागीदाराची संमती लागते, आणि ती तर कोणी विचारलेलीच नाही.

वीज ही भागीदारीतली वस्तू असते, हे नरखेडच्या शेतकऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. कृषी फीडरवर थ्री-फेज वीज दिवसातून आठ तासांच्या आसपास, तीही पाळीपाळीने. रात्रपाळी आली की काळोखात, बिबट्याची धास्ती घेऊन, बगीच्यात ओलितासाठी जावे लागते. झाडांना दिलेला पाण्याचा ताण तोडायच्या वेळी पाणी हुकले तर बहारच फसतो. बोअर वर्षागणिक खोल जाताहेत, म्हणजे तेवढेच पाणी उपसायला वीज जास्त लागते. याच नागपूर जिल्ह्यात कोराडी आणि खापरखेडा इथल्या वीज केंद्रांत कोळसा जळतो. जुलै 2022 मध्ये खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटून ती राख शेतांत आणि ओढ्यांत गेली. युनिटची किंमत बिलात दिसते, तिची राख कुठे पडते ते बिलात दिसत नाही. मायनिंगने शेजाऱ्याची वीज कशी ओढली जाते याची उदाहरणे इराण आणि कझाकस्तानात घडून गेली आहेत. इराणने 2019 मध्ये मायनिंगला परवानगी दिली आणि मे 2021 मध्ये शहरे अंधारात जाऊ लागल्यावर चार महिन्यांसाठी ते बंद केले. चीनने त्याच वर्षी बंदी घातल्यावर यंत्रे कझाकस्तानात गेली आणि तिथे विजेचा तुटवडा वाढला. दोन्ही देश मुस्लिमबहुल आहेत. दिवे गेले ते नाण्याशी काही संबंध नसलेल्यांच्या घरातले. 'स्वतःला इजा नको, दुसऱ्याला नको' हा फिकहचा मूळ नियम इथे थेट लागू होतो.

यावर सोन्याचे उदाहरण पुढे येते: त्याच्या खाणीही डोंगर फोडतात, तरी सोने हलाल. खरे आहे. पण खाणीने नदी नासवली तर तो दोष सोन्याच्या वैधतेने धुतला जात नाही, मग तोच न्याय बिटकॉइनला का नको? दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: ही वीज वाया जात नाही, तिच्यामुळेच नाण्याच्या व्यवहारांची खातेवही कोणाला खोडता येत नाही. पण इथेरियम या दुसऱ्या आभासी चलनाने 15 सप्टेंबर 2022 रोजी ही पद्धत सोडली, त्याचा वीजवापर 99 टक्क्यांहून जास्त घटला आणि खातेवही चालूच राहिली. दुसरा मार्ग समोर असताना केलेली उधळपट्टी ही उधळपट्टीच असते.

व्याज नाही म्हणून हे नाणे शुद्ध, असेही म्हटले जाते, आणि व्याज टाळू पाहणाऱ्या भाविकाला ते पटकन पटते. गेनबिटकॉइन या गुंतवणूक योजनेच्या प्रकरणाकडे बघा. आश्वासन दरमहा 10 टक्के परताव्याचे, सलग 18 महिने, आणि कारण काय तर मायनिंगचा नफा. एप्रिल 2018 मध्ये पुणे पोलिसांनी सूत्रधार म्हणून अमित भारद्वाज यांना अटक केली, 2022 मध्ये त्यांचे निधन झाले, पुढे तपास सीबीआयकडे गेला. पण अटक व्हायची वाट न बघताही भाविकाला उत्तर मिळाले असते. मुदारबात, म्हणजे एकाचे भांडवल आणि दुसऱ्याचे श्रम अशा भागीदारीत, नफ्याचा हिस्सा ठरतो, रक्कम ठरत नाही, आणि तोटा भांडवलदाराच्या माथी येतो. भांडवलावर ठरलेला, हमीचा परतावा म्हणजे व्याजच, मग त्याला यंत्राचे नाव द्या की सोन्याचे. 2019 मध्ये बंगळुरूच्या आयएमए कंपनीने हलाल गुंतवणुकीच्या नावावर हजारो मुस्लिम कुटुंबांची पुंजी बुडवली. रघुराम राजन समितीने 2008 मध्ये बिनव्याजी बँकसेवेची शिफारस केली होती. रिझर्व्ह बँकेने 2017 मध्ये तो विषय पुढे न नेण्याचे ठरवले. त्या रिकाम्या जागेत असे लोक शिरतात, याचे दुःख वाटते.

उरतो तो शिलकी विजेचा मुद्दा. जिथे धरणाचे पाणी तसेही वाहून जाणार, तिथे मायनिंगने कोणाचे काय जाते? तिथे तिसऱ्याच्या इजेचा आक्षेप खरोखरच सौम्य होतो आणि गररचाच तेवढा उरतो, हे मान्य करायला हवे. भूतानने जलविद्युतावर सरकारी मायनिंग उभारले ते याच भरवशावर. पण हिवाळ्यात तिथल्या नद्या आटतात, आणि तेव्हा भूतान भारताकडून वीज विकत घेतो. म्हणून मुफ्तींना प्रश्न विचारणाऱ्याने नाण्याच्या नावासोबत हेही सांगावे, की यंत्र कुठल्या ग्रिडवर आहे आणि कुठल्या महिन्यात चालते.