अक्षर आणि अंगठा

ज्याला सही येत नाही तो अडाणी, असे आपण सहज बोलून जातो. पण वारकऱ्यांच्या मेळ्यात हा हिशेब जमत नाही, हे श्रोत्यांस ठाऊक आहेच.

शेवगावकडच्या एका खेड्यात देवळात रोज सांजेला ज्ञानेश्वरी वाचण्याचा परिपाठ आहे. एक जण वाचतो, बाकीचे ऐकतात. आम्ही तेथे होतो त्या दिवशी वाचणाऱ्याची दोन पाने चिकटून उलटली. आम्ही शिकलेसवरलेले माना डोलवीत बसलो. खांबापाशी बसलेल्या एक आजी म्हणाल्या, "महाराज, मधलं राहिलं की हो!" पाहतो तो खरेच! आजींना 'क' ओळखता येत नाही. वडील वाचायचे, ही दळता दळता ऐकायची. तेवढीच त्यांची शाळा.

आता यांना निरक्षर कसे म्हणावे? सरकारी शिरगणतीत सात वर्षांवरील जो कोणत्याही भाषेत समजून वाचू-लिहू शकतो तो साक्षर. देशात १९५१ साली असे शंभरात अठरा होते. महाराष्ट्रात २०११ साली ब्याऐंशी झाले. त्या व्याख्येत 'समजून' हा शब्द आहे बरे! तो कसून लावला तर घडाघडा वाचणारे आम्हीही काही जण गळून पडू.

कानाने शिकणे हे कमी प्रतीचे नव्हे. आपल्याच जिल्ह्यात, नेवाशास, माउलींनी मुखाने सांगितले आणि सच्चिदानंदबाबांनी ते उतरून घेतले. ते शके १२१२. आधी वाणी, मग लेखणी. परंतु गोष्ट तेथे संपत नाही. पुढे नकला करता करता पाठ बिघडले, तेव्हा गोदेपलीकडे पैठणास नाथमहाराजांनी शके १५०६ मध्ये पोथ्या ताडून ग्रंथ शुद्ध केला. बिघडलेला पाठही लोक भक्तीनेच म्हणत असतील. चूक सापडली ती अक्षरे जुळवून पाहणाऱ्याला.

हे आम्ही सोयीने विसरतो. 'आजीबाईंना कशाला अक्षरे, त्यांना सगळे पाठ आहे,' असे त्या दिवशी कौतुकाने म्हणणाऱ्यांत आम्हीही होतो. त्यांना विचारले कोणी नाही.

पुढल्या महिन्यात आजी पिशवीतून एक कागद घेऊन आल्या. "भावानं दिलाय. वाटणीचा हाय म्हनला. वाचा बरं." वाचला. ते हक्कसोडपत्र होते. बापाच्या जमिनीतला आपला हिस्सा भावाला सोडला, असे लिहून खाली आजींचा अंगठा. मुलींनाही वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतकाच वाटा, असा कायदा २००५ साली झाला. पण तो कायदाही अक्षरांतच आहे ना.

कसे सांगावे ते आम्हांस कळेना. शेवटी सांगितले. वकिलाकडे जाऊ या, असेही म्हणालो. आजी बराच वेळ गप्प राहिल्या. मग कागदाची घडी घालीत म्हणाल्या, "भाऊच हाय तो माझा. मागितलं असतं तर दिलंबी असतं. पन मग ते मी दिलं असतं."

सध्या त्यांची नात त्यांना रोज पाटीवर अक्षरे गिरवायला देते. परवा 'वि' पर्यंत आल्या होत्या. ठ अजून वाकडा निघतो म्हणतात.